दत्तूचा एक दिवस

परवा कॉलेज रोडवर कॉफी पिताना एका मित्राने त्याचं अप्रेझल वाचून दाखवलं. वर्षभर पठ्ठ्याने टार्गेट गाठलं आणि साहेबांनी लिहिलं काय, तर मार्चमधलं एक फसलेलं प्रेझेंटेशन! ‘एका दिवसावर माणूस मोजतात रे,’ तो वैतागून म्हणाला. मी विचारलं, ‘तुला दत्तू भोकनळ माहितीये?’

‘कोण? आयटीत आहे का?’

घ्या! ऑलिम्पिकला गेलेला आपल्याच जिल्ह्यातला माणूस, आणि आपल्याला पत्ता नाही. तर मंडळी, दत्तू चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. गाव दुष्काळी. वडील विहिरी खोदायचे, दत्तूही त्यांच्या हाताखाली राबायचा. २०११ मध्ये वडील गेले. घर चालवायला पोरगा पेट्रोल पंपावरही राबलेला; तो पुढे लष्करात भरती झाला. तिथे, पुण्यात, २०१२ मध्ये त्याने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. ज्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला मुलगा आणि खेळ कुठला, तर रोइंग!

चारच वर्षांत तो रिओला पोचला. २०१६ च्या त्या ऑलिम्पिकमध्ये रोइंगला भारताचा तो एकटाच होता. त्याच वर्षी आईला अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला. अशा घरातून निघून तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. मेडल नाही म्हणून आपण चॅनेल बदललं. खेळायला लागून चारच वर्षं झालेल्या माणसासाठी जगात तेरावा म्हणजे काय, याचा हिशेब कुणी केला नाही.

मग आलं २०१८ चं एशियाड, इंडोनेशियात. सिंगल स्कल्सच्या फायनलमध्ये दत्तू शेवटचा आला. तब्येत बिघडली होती, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच दत्तू सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत पुन्हा बोटीत बसला आणि चौघांनी गोल्ड मारलं!

संपली ना स्टोरी? नाही. मार्च २०१९ मध्ये रोइंग फेडरेशनने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. कारण काय, तर सिंगल्सच्या फायनलमध्ये त्याने मध्येच वल्हवणं थांबवलं. गोल्डच्या आदल्या दिवसाची शिक्षा! जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण टोकिओला रोइंगला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग गेले. दत्तू नव्हता. पहिल्या वल्ह्यापासून त्या गोल्डपर्यंत सगळी मिळून सहाच वर्षं.

त्या दिवशी बोटीत नेमकं काय झालं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मला एवढंच दिसतं, की तब्येत खराब असो वा मन, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा वल्हं हातात घेणं सोपं नसतं. आपण तर एका वाईट मीटिंगनंतर सिक लीव्ह टाकतो.

रोइंगची एक गंमत आहे. खेळाडू फिनिश लाइनकडे पाठ करून बसतो. पुढचं काही दिसत नाही, दिसतं ते फक्त कापून आलेलं पाणी. दत्तूला तळेगाव रोहीपासूनचं सगळं दिसत असणार.

रात्री मित्राचा मेसेज आला : ‘गोल्डची रेस शोधून बघितली. आदल्या दिवशीची नाही बघितली.’