नव्या पाटीचा विटाळ कशाला?

"हे चित्र संगणकाने काढले आहे. बाद!" गेल्या वर्षी एका चित्रकला स्पर्धेत आमच्या विद्यार्थिनीला हा निकाल ऐकावा लागला. आपल्या बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामाचे नक्षीदार छत तिने ग्राफिक्स टॅब्लेटवर रंगवले होते. संगणकाने काढले? मग लेखणी कोणाच्या हातात होती?

ही पाटी लेखणीचा दाब ओळखते. हात हलका तर रेषा बारीक, जड तर ठसठशीत. मुलीने आधी कच्चे रेखाटन केले, मग फिकट रंगावर गडद थर चढवले. जलरंगात आम्ही हाच क्रम शिकवतो. यंत्राने काय केले? चूक पुसायची सोय दिली. ती खोडरबरानेही दिलीच होती!

नाक मुरडणाऱ्यांनी घरातले जुने दिवाळी अंक काढून पाहावेत. रघुवीर मुळगावकर रंगाचा फवारा यंत्राने मारीत. त्यांची चित्रे घरोघर चौकटीत बसली. फवाऱ्याचा विटाळ कोणी मानला नाही.

मात्र पेन्सिल झिजवण्याआधीच मुलाच्या हाती टॅब्लेट देणारे पालकही चुकतात. तयार ठसे उमटवणे म्हणजे चित्र नव्हे. हात आधी कागदावर घडू द्या. पण घडलेल्या हाताला केवळ साधन नवे म्हणून बाद करणे हा न्याय नव्हे, आळस आहे.

परीक्षकहो, आधी चित्र पाहा. पाटी मागाहून पाहा!