औरंगाबाद ते जेद्दा : वीस मिनिटांचे ८८ हजार

नकाशावर सरळ रेषा ओढली तर मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर साधारण ३५०० किलोमीटर भरते. विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मोजले तर सुमारे २५० किलोमीटर वाढतात, म्हणजे फार तर वीस-पंचवीस मिनिटे. २०२३ च्या हजला या मिनिटांची किंमत माणशी सुमारे ८८ हजार रुपये झाली. हज कमिटीमार्फत मुंबईहून जाणाऱ्याला साधारण ३ लाख ५ हजार भरायचे होते, औरंगाबादहून जाणाऱ्याला ३ लाख ९२ हजारांच्या वर. नवरा-बायको दोघे निघाले तर फरक पावणेदोन लाखांचा. आणि नागपूर तर जेद्दाहून आणखी लांब, तरी तिथला खर्च औरंगाबादपेक्षा कमी!

म्हणजे हे पैसे अंतराचे नव्हेतच. हजची विमाने नेहमीच्या वेळापत्रकातली नसतात. हाजींना सोडून विमान बहुधा रिकामे परतते आणि चाळीसेक दिवसांनी त्यांना आणायला पुन्हा रिकामे जाते. जिथे प्रवासी थोडे, तिथे फेऱ्या थोड्या आणि भाव पाडायला स्पर्धाही थोडी. हे गणित मला समजते. विमान कंपनीने तोटा सोसावा असे माझे म्हणणे नाही. सबसिडीही मी मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले, २०१८ मध्ये ती संपली, बरे झाले. हज ऐपत असलेल्यावरच फर्ज आहे.

पण ऐपत मोजायची तर आकडा आधी कळायला हवा ना? त्या वर्षी अर्ज भरतानाच विमानतळ निवडायचा होता. मग कुर्रा निघाला, हप्ते भरले गेले, आणि विमानतळानुसार शेवटचा खर्च त्यानंतर जाहीर झाला. तोवर घरोघर दावती सुरू झालेल्या असतात, नातेवाईक भेटून, माफी मागून गेलेले असतात. अशा वेळी माघार कोण घेणार? आयुष्यभर पै-पै साठवलेला माणूस उरलेल्या रकमेसाठी हात पसरतो. कर्ज काढून हजला जाऊ नये हे त्याला मौलानांकडून ऐकून पाठ असते.

‘एवढे होते तर मुंबई निवडायची’ हे म्हणणे सोपे आहे. जालना, बीड, परभणीच्या सत्तरीतल्या माणसासाठी मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, सामानाची ओढाताण, निरोपाला येणाऱ्यांचा खर्च. थेट मक्केला जाणाऱ्यांच्या विमानाला मीकात हवेतच ओलांडावी लागते, म्हणून एहराम इथूनच बांधून निघणे सोयीचे. म्हाताऱ्या माणसाला ते घराजवळ, आपल्या माणसांत करता यावे, यासाठीच तर गावाजवळचा विमानतळ हवा होता. मराठवाड्याने ही सोय भांडून मिळवलेली आहे. ती महाग म्हणून ओस पडली, तर उद्या ‘प्रवासीच नाहीत’ म्हणून बंद करायला निमित्त मिळेल.

निविदा अर्जाआधी निघत नसतील तर निदान मागच्या वर्षीचा विमानतळनिहाय खर्च अर्जावर, निवडीच्या रकान्याशेजारीच छापा. आणि अंतिम आकडा आल्यावर आठ दिवस तरी विमानतळ बदलायची मुभा द्या, दंड न लावता.