असंच दुसरं

“असंच दुसरं काही आहे का हो?” असं विचारणाऱ्याला मी एकवेळ क्षमा करीन. त्याला उत्तर देणाऱ्याला नाही.

प्रश्न साडीच्या दुकानातला असता तर माझी काही हरकत नव्हती. असाच पोत, असाच काठ, फक्त रंग दुसरा, ही फर्माईश आमच्या घरातून गेली पंधरा-सोळा वर्षं अखंड चालू आहे आणि दुकानदार ती हसतमुखानं पुरवतो. कारण पोत, काठ आणि रंग मिळून साडी होते. गोष्टीचं तसं नसतं. पण प्रेमकथेबद्दल, त्यातूनही जपानी मांगाबद्दल कुणी हा प्रश्न विचारला की आजूबाजूची मंडळी गादीवर बसल्यासारखी घड्या मोडायला लागतात. “हे घ्या, यात पण शाळा आहे! हे बघा, यात पण नायक अबोल आहे!” माझं भांडण या मंडळींशी आहे.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे घरात कॉलेजात जाणारं पोर असलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ही कथा बहुधा आधी नियतकालिकात हप्त्याहप्त्यानं येते (आमच्या कर्जदारांपेक्षा नियमित हप्ते!), मग दोनेकशे पानांचा एकेक खंड निघतो. चित्रं बहुतेक काळी-पांढरी, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. आमची भाची मे महिन्याच्या सुट्टीत अशा कथांच्या इंग्रजी भाषांतरांचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, तुला नाही जमायचं हे उलटं वाचायला.” उलटं? एका वाणिज्य पदवीधराला? डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा, हे आमच्या रक्तात भिनलेलं. जन्मात पहिल्यांदा जमेच्या बाजूनं सुरू होणारं काहीतरी हातात आलं होतं. मी सोडतो की काय!

आता आमच्या शाखेतही डबा खाताना मांगाची देवघेव चालते. दोन नव्या दमाचे कारकून, एक प्रोबेशनरी अधिकारी असलेली मुलगी, आमचे हेड कॅशियर आणि अस्मादिक. मॅनेजरसाहेबांची समजूत अशी, की आम्ही कर्जवसुलीवर चर्चा करतो. तेही फारसं खोटं नाही. दोन्हीकडे समोरचा माणूस सरळ ‘होय’ म्हणायला फार वेळ लावतो.

तर या देवघेवीत शिफारस करणाऱ्यांची जी पद्धत मी पाहतो, ती हुबेहूब पत्रिका जुळवणाऱ्यांची आहे. गोष्ट शाळेतली? एक गुण. मुलगी लाजाळू? दोन गुण. मुलगा सगळ्या वर्गाचा लाडका? तीन. मग उन्हाळ्याच्या जत्रेतली आतषबाजी, एका छत्रीतून दोघांनी घरी जाणं, तापानं फणफणलेल्याला दुसऱ्यानं पेज भरवणं. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले, उडवा बार! अहो, पण छत्तीस गुण जुळलेल्या जोडप्यांची भांडणं आपण शेजारी राहून ऐकतोच की नाही? मग पुस्तकांच्या बाबतीतच हा भरवसा कसला?

उदाहरणच घ्या. कारुहो शिइना यांची ‘किमि नी तोदोके’ तीस खंडांची आहे आणि २०१७ साली संपली. नायिका सावाको लांब काळ्या केसांमुळे भुतासारखी दिसते, म्हणून वर्गातली मुलं तिला घाबरतात. ‘ओरे मोनोगातारी’ ही काझुने कावाहारा यांची गोष्ट, चित्रं आरुको यांची, २०११ ते २०१६, तेरा खंड. तिचा नायक ताकेओ म्हणजे भला थोरला पहाड, आणि मुली त्याला सोडून त्याच्या देखण्या मित्रावर भाळतात. दोन्हीकडे शाळा, दोन्हीकडे दिसण्यामुळे झालेला गैरसमज, दोन्हीकडे सोन्यासारखं मन. गुण जुळले! पण पहिल्या गोष्टीत ‘तू मला आवडतेस’ हे समोरच्यापर्यंत पोचायलाच खंडामागून खंड जातात. दुसरीत तो हिशेब पहिल्याच खंडात चुकता होतो आणि खरी गोष्ट त्याच्यापुढं सुरू होते. एकीत वाट बघण्याची गोडी, दुसरीत मिळाल्यानंतरची. लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं प्रेम सारखंच असतं असं म्हणणाऱ्या गृहस्थानं कृपया हात वर करावा. आणि घरी जाऊन तो वर केल्याचं सांगावं.

बरं, जे जुळतं तेच आवडलेलं असतं, हे तरी कुणी ठरवलं? योको कामिओ यांची ‘हाना योरी दांगो’ १९९२ साली ‘मार्गारेट’ या नियतकालिकात सुरू झाली. श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी सामान्य घरची मुलगी आणि तिला छळता छळता तिच्यावर जीव टाकणारा धनाढ्याचा पोरगा. तैवान आणि कोरियात तिच्यावर मालिका निघाल्या. आता ही आवडली म्हटलं की शिफारसवाले श्रीमंत पोरांच्या गोष्टी रांगेनं उभ्या करतात. बंगला आहे, मोटार आहे, उद्धट पोरगाही आहे. नाही ती फक्त त्सुकुशी माकिनो! तिचं नावच मुळी रानात उगवणाऱ्या एका चिवट वनस्पतीचं. वाकत नाही, मान खाली घालत नाही, वेळ आली तर ठोसाही लगावते. वाचक तिच्यासाठी आला होता, तुम्ही त्याला बंगल्याचा नकाशा दिलात.

आणि याचा तोटा कुणाला? प्रेमकथेला. तीच ती पाच-सहा पुस्तकं वाचून झाली की माणूस जांभई देऊन म्हणतो, “छे हो, या प्रेमकथा सगळ्या सारख्याच!” सारख्या कशा असतील? तुम्ही त्याला वेचून वेचून सारख्या दिल्यात! वर मंडळींनी ‘हे सगळं मुलींचं वाचन’ असा शिक्का मारून ठेवलाय. रुमिको ताकाहाशी यांची ‘मेझाँ इक्कोकु’ ही मी वाचलेल्यांतली सर्वांत मोठ्या मनाची प्रेमकथा. ती १९८० ते १९८७ या काळात आली, आणि आली ती मोठ्या पुरुषांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात. पण शिक्का एकदा बसला की बसला. तो पुसायचा म्हणजे सरकारदरबारी जन्मतारीख दुरुस्त करून घेण्याइतकं अवघड.

‘मेझाँ इक्कोकु’चं नाव काढलंच आहे, तर आमच्या हेड कॅशियरांचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली. माणूस अबोल, नोटा मोजताना तेवढे ओठ हलतात. त्यांनी ‘मेझाँ इक्कोकु’चे पंधराच्या पंधरा खंड वाचले. एका जुनाट भाड्याच्या घराची गोष्ट आहे ती. परीक्षेत वारंवार आपटणारा गोदाई हा भाडेकरू आणि घराची व्यवस्था बघणारी तरुण विधवा क्योको. तिच्याकडे एक कुत्रा आहे आणि त्याचं नाव सोइचिरो, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचंच. दिवसातून दहा वेळा ती त्या नावानं हाक मारते आणि शेपटी हलवत येतो तो कुत्रा. वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता पुढचं पान उलटायचं राहून जातं.

कॅशियरांनी शेवटचा खंड परत करताना हळूच विचारलं, “असंच दुसरं आहे का काही?” आमचे नवे कारकून सरसावलेच. दुसऱ्या दिवशी टेबलावर चळत! भाड्याच्या घरातल्या गमती, वाह्यात शेजारी, घरमालकिणीवर भाळलेले भाडेकरू. कॅशियरांनी आठवड्यानं चळत जशीच्या तशी परत केली आणि “छान आहेत” म्हणाले. नोट खोटी असली तरी गिऱ्हाइकाला न दुखावता तसं सांगायची सवय त्यांना तीस वर्षांची आहे.

अहो, त्यांना भाड्याचं घर नको होतं! गेलेल्या माणसाला मनातून न घालवताही पुढं जगता येतं का, असं त्यांनी विचारलं होतं. पण डबा खाताना चारचौघांत असं कुणी विचारत नाही. ‘असंच दुसरं आहे का’ असं विचारतात.

मी त्यांना नवीन काही दिलं नाही. पहिला खंड पुन्हा हातात ठेवला आणि म्हटलं, “राव, हेच परत वाचा.” एकदा वटलेला चेक पुन्हा वटत नाही. पुस्तक वटतं, आणि दुसऱ्या वेळी कधी कधी रक्कम जास्त मिळते. सध्या ते नवव्या खंडावर आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ‘असंच’ हवं असेल तर तेच परत वाचावं. त्याच्याइतकं त्याच्यासारखं जगात दुसरं काही नाही. आणि दुसरं हवं असेल तर खरोखरीच दुसरं घ्यावं. या दोहोंच्या मधलं जे ‘असंच दुसरं’ नावाचं प्रकरण आहे ते कालच्या भाजीला आज दिलेली फोडणी आहे.

आणि शिफारस करणाऱ्यांनो, शिफारस म्हणजे जामीन राहणं, हे ध्यानात ठेवा. पंधरा नावांची यादी फेकून पळ काढणारा माणूस पंधरा कर्जांवर डोळे मिटून सही करणाऱ्यासारखा. त्याला आमच्या बँकेत कुणी दारात उभं करणार नाही. आधी विचारा, “वाचताना कुठल्या पानावर थांबलात?” मग एकच नाव द्या, आणि त्यातलं वैगुण्यही सांगा. मी ‘स्वेट अँड सोप’ सुचवतो तेव्हा आधीच बजावतो, की नायक साबणाच्या कंपनीत आहे आणि नायिकेचा घामाचा वास हुंगतो. प्रकरण प्रौढांचं आहे, पुस्तक मुलांच्या हाती लागू देऊ नका. पण नायिका हिशेब खात्यात आहे आणि आपल्या घामाची तिला आयुष्यभर लाज वाटत आलेली आहे. ती लाज एक माणूस हळूहळू कशी उतरवतो, ते वाचण्यासारखं आहे. तसंच आइ याझावा यांची ‘नाना’ देताना सांगतो, की लेखिकेच्या आजारपणामुळे ती २००९ साली मध्येच थांबली. व्याज मिळेल, मुदलाची हमी नाही.

यावर कुणी म्हणेल, “अहो, वाचक बिचारा दिवसभर दमलेला असतो, त्याला ओळखीचंच बरं वाटतं.” वाटतं ना! मलाही रोज वरणभात लागतो. पण वरणभात खाल्लेल्या पाहुण्याला मी ‘आता याच्यासारखंच’ म्हणून खिचडी वाढत नाही.

आमच्या प्रोबेशनरी मुलीनं ‘हाना योरी दांगो’ संपवून मला तोच प्रश्न विचारला. कुठं थांबलीस, असं विचारल्यावर म्हणाली, “सर, ती कुणापुढं वाकत नाही ना, तिथं.” मी तिला रियोको इकेदा यांची ‘बेरुसाय्यु नो बारा’ दिली. तीही ‘मार्गारेट’मधलीच, पण वीस वर्षं आधीची, १९७२ सालची. ना शाळा, ना छत्री, ना आतषबाजी. फ्रान्सचा राजवाडा, राणी मारी आंत्वानेत, आणि मुलगा म्हणून वाढवलेली, राजाच्या पहारेकऱ्यांची नायक झालेली ऑस्कर. पुढं क्रांती येते आणि कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे या बाईला ठरवावं लागतं.

पंधरा दिवसांनी ती खंड परत घेऊन आली. डोळे लाल. संगणकामुळे, असं तिनं सांगितलं आणि मी ते मान्य केलं.

“सर, हे अजिबात तसं नव्हतं,” ती म्हणाली.

“मग?”

“पुढचं द्या.”