धोबी आला, पण काठ कुठाय?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. रॉबिन आणि स्पॅरोवरच्या कविता तोंडपाठ, पण पापडीतल्या आमच्या वाडीत रोज दिसणाऱ्या पक्ष्यांची मराठी नावं विचारलीत तर बोंब! (ऱ्हस्व-दीर्घाचीही तीच गत, संपादक मंडळ सांभाळून घेईल.)

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघी सकाळच्या गारव्यात तुंगारेश्वरला गेलो. २००३ साली अभयारण्य झालेला हा डोंगर घराच्या एवढा जवळ, तरी माझी पहिलीच खेप. ओढ्यातल्या दगडावर पोटाशी पिवळा, शेपटी सारखी वरखाली हलवणारा एक पक्षी दिसला. आम्ही वेड्यासारखे फोटो काढले. घरी येऊन आजीला दाखवले, तर ती म्हणते, "हा धोबी गं. ह्याचा पांढरा भाऊ आपल्या बावखलाशी येतो की दरवर्षी. त्यासाठी डोंगर कशाला चढलीस?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खरंच! पांढरं तोंड, करडी पाठ, गळ्याशी काळा डाग, आणि काठाच्या चिखलात तुरुतुरु पळापळ. वजन असेल वीस-पंचवीस ग्रॅम. एवढासा जीव हिमालयाकडून, कधी त्याच्याही पलीकडून येतो, आणि मी वीस वर्षं त्याच्या शेजारी राहून त्याला ओळखत नव्हते.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते, बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. पूर्वी रहाटाने त्यातलं पाणी काढून केळी, पानवेली, भाजीपाला पोसला जायचा. आता कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली गेली. आमच्यावरही तीच पाळी आली आहे. काका म्हणतात, "डास होतात. बुजवून टाकू, गाड्या तरी लागतील." आणि वर मलाच, "तू सिव्हिलची ना? भरावाचं एस्टिमेट काढून दे."

माझं मत स्पष्ट आहे, नाही काढणार! डासांवर गप्पी मासे हा उपाय आहेच. किनाऱ्यालगत जमिनीखालचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. पाऊस मुरायची जागा बुजवायची आणि वर बोअरने उपसा करायचा, मग विहिरी खाऱ्या झाल्या म्हणून रडायचं कशाला? जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा मी शाळेत होते. घरात शिरलेलं पाणी अजून आठवतं. पावसाला थांबायला जागा ठेवायची नाही, तर तो घरातच येणार ना?

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. यंदा कॉलेजची सहल डोंगरात जरूर न्या, पण एक सकाळ बावखलांच्या काठावरही काढूया. कोणाच्या वाडीत किती शिल्लक आहेत, त्यांवर कोण कोण येतं, एवढं तरी वहीत मांडूया. नावं सांगायला माझी आजी तयार आहे, चहाही देईल.

काकांशी वाद अजून मिटलेला नाही. "मे महिन्यात बघू," म्हणतात. धोबी तर एप्रिलपर्यंत निघून गेलेला असतो.