श्वान हवेत, पण समुपदेशकाच्या सोबतीला

परीक्षेच्या दडपणाखालील विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांत प्रशिक्षित थेरपी श्वान आणण्यास आमचा पाठिंबा आहे; समुपदेशकाला पर्याय म्हणून मात्र मुळीच नाही. शैक्षणिक आवारांतून भटके कुत्रे हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश या उपक्रमांच्या आड येऊ नये. लसीकरण झालेला, पट्टा प्रशिक्षकाच्या हाती असलेला श्वान भटका नव्हे.

उपयोगाचा पुरावा आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात २४९ विद्यार्थी होते. अवघी दहा मिनिटे कुत्र्यामांजरांना कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, घटलेले आढळले.

दहा मिनिटांचा दिलासा आणि उपचार यांत अंतर आहे. गिरगाव-दादरच्या महाविद्यालयांत एका दुपारी श्वान यावेत, छायाचित्रे निघावीत आणि समुपदेशकाची खुर्ची वर्षभर रिकामीच राहावी, हा खरा धोका. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येच बजावले आहे.

श्वानाचेही हाल होता कामा नयेत. तो वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान फिरवू लागला, तर त्याला गर्दीतून बाहेर नेलेच पाहिजे.

पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय दोन्ही परळमध्येच आहेत. त्यांच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन मुंबई विद्यापीठाने पुढील परीक्षांपूर्वी नियमावली जाहीर करावी आणि समुपदेशक न नेमणाऱ्या महाविद्यालयांना अशा उपक्रमाची परवानगी नाकारावी.