हरलो दोन धावांनी, कमी पडल्या तीन

मागच्या मे महिन्यात एका शनिवारी जव्हारला काकांकडे गेलो होतो. नेटवर्क येत-जात असल्याने ऑफिसचा फोन लागत नाही, हा जव्हारचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण. रविवारी सकाळी काका म्हणाले, "चल, मोखाड्याला जाऊन येऊ. टुर्नामेंटची फायनल आहे, मला बक्षीस द्यायला बोलावलंय." काका मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं शिक्षक होते. त्यामुळे त्या बाजूच्या कुठल्याही कार्यक्रमाला 'गुरुजी' लागतातच.

मैदान म्हणजे भाताचं खाचर. दिवाळीनंतर कापणी झाली की बांध फोडायचे, रोलर म्हणून एखादा ड्रम फिरवायचा, की झालं. एका बाजूला करवंदीच्या जाळ्या. चेंडू त्यात गेला तर दोनच धावा, असा नियम. (नाहीतर फील्डर करवंदं खात बसतात आणि बॅट्समन पळत राहतात, असं अंपायरने मला गंभीरपणे समजावलं.) आठ षटकांची मॅच, टेनिस बॉल. दुसऱ्यांदा बॅटिंग करणाऱ्या टीमला शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. अकरावा पोरगा वीटभट्टीवरून दोन दिवसांपूर्वीच घरच्यांबरोबर परतलेला. कुणाचं तरी बोट सुजलं म्हणून याला घेतलेला. चार हव्या असताना तो रनआउट झाला.

आणि मग कॅप्टनने त्याला सगळ्यांदेखत जे झापलं! पोरगा खाली बघत उभा. बायकाही हसल्या. आता गंमत अशी की मी अगदी सुरुवातीपासून ती मॅच बघत होतो. ह्याच कॅप्टनने ओपनिंगला येऊन पहिल्या दोन षटकांत मिळून सात धावा काढल्या होत्या. दोन षटकांत सात! काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "झाला बघ अजून एक कुरुविला."

आमच्या घरात हा शब्द पस्तीस वर्षं चालत आलाय. घरातून निघायला सगळ्यांनी मिळून उशीर करायचा, आणि एसटी चुकली की जो शेवटी चप्पल घालत होता त्याला बोलायचं. तो कुरुविला.

ज्यांचा जन्म तेव्हा झाला नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. ३ ते ७ मे १९९१, वानखेडे, रणजी ट्रॉफीची फायनल. मुंबई (तेव्हाची बॉम्बे) विरुद्ध हरियाणा. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ ठोकल्या. दीपक शर्मा १९९, चेतन शर्मा ९८, अजय जडेजा ९४. मुंबई ४१० वर ऑलआउट. हरियाणाचा दुसरा डाव २४२. म्हणजे शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हव्या होत्या आणि त्यासाठी पूर्ण दिवससुद्धा हातात नव्हता. त्यातच ३४ वर ३ गेल्या.

मग नुकताच अठरा वर्षांचा झालेला सचिन आला आणि ७५ चेंडूंत ९६ करून गेला. समोर पस्तीस वर्षांचा वेंगसरकर. दोघांची भागी १३४ ची. भंडारीच्या चेंडूवर झेल देऊन सचिन गेला. मग विनोद कांबळीने ४५ केल्या, तोही गेला. पुढचे येत गेले, जात गेले. ३०५ वर ९. वेंगसरकरच्या पायात गोळे आलेले, त्याच्यासाठी लालचंद राजपूत रनर म्हणून पळतोय, आणि शेवटी आला तो पहिलाच रणजी सीझन खेळणारा उंच फास्ट बोलर, ॲबी कुरुविला. ह्या जोडीने सत्तेचाळीस धावा जोडल्या! ३५२. तीन हव्या. लेग साइडला एक चोरटी धाव, अमरजित कैपीची फेक, कुरुविला रनआउट. वेंगसरकर १३९ नाबाद. तो मैदानातच रडला.

हरलो दोन धावांनी, कमी पडल्या तीन. आमच्या धंद्यात ह्याला ऑफ-बाय-वन एरर म्हणतात :-)

मी तेव्हा दहा वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत काकांकडे होतो. पेपर दुसऱ्या दिवशी एसटीने यायचा, म्हणजे मॅच मंगळवारी संपली आणि मला बुधवारी कळली. स्टँडवर पेपर वाचला आणि घरापर्यंत रडत गेलो. काकांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, कुरुविलामुळे हरलो. काकांनी पेपर घेतला, पूर्ण स्कोअरबोर्ड वाचला (शिक्षक माणूस, पहिल्या ओळीपासून वाचणार) आणि म्हणाले, "कुरुविला होता म्हणून दोन धावांनी हरलात. नसता तर पन्नासने हरला असता."

तेव्हा मला हे अजिबात पटलं नव्हतं. आज पटतं.

साधा हिशोब करा. हरियाणाच्या दोन डावांत मिळून ७६४ आणि मुंबईच्या ७६२. पाच दिवसांत दीड हजारांवर धावा झाल्या. त्यातल्या तीन नेमक्या कुठे हरवल्या? पहिल्या दिवशी सुटलेल्या एखाद्या चौक्यात? एखाद्या नो-बॉलमध्ये? ३४ वर ३ जाताना? कुठेही. शेवटच्या चेंडूवर हरवलेली धाव दिसते, कारण तेव्हा सगळं वानखेडे उभं राहून बघत असतं. पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता हरवलेली धाव कोण बघतो?

पण खरा मुद्दा माझ्या मते ह्याच्याही मागे आहे. 'काय तो चेस, काय ते धाडस' असं आपण ह्या मॅचबद्दल म्हणतो. मुंबईने ३५५ चा पाठलाग धाडसाने केला का? मुंबईला दुसरा पर्यायच नव्हता! रणजीची फायनल ड्रॉ झाली तर पहिल्या डावात आघाडी असलेल्या टीमला ट्रॉफी मिळते. मुंबई ११२ ने मागे होती. खेळून काढली असती तरी ट्रॉफी हरियाणाची. म्हणजे जिंकायचं किंवा हरायचं, आणि तिसरी गोष्ट हरण्याइतकीच. ही बाजी काही संजय मांजरेकरने कॅप्टन म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी उठून लावलेली नाही. ती पहिल्या डावातच त्याच्या गळ्यात पडली होती. इंग्लिश काउंटीत ड्रॉचेही गुण मिळतात, त्यामुळे तिथला कॅप्टन शेवटच्या दिवशी खरोखर ठरवू शकतो की पळायचं की थांबायचं. इथे ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ह्याच्या उलट १९७९ चं ओव्हल घ्या. इंग्लंडने ४३८ चं टार्गेट दिलेलं. ड्रॉ समोर होता, कुणी काही बोललं नसतं. तरी गावसकर-चौहानने २१३ ची सलामी दिली, मग वेंगसरकर आला, ३६६ वर १ पर्यंत गेलो. गावसकर २२१! शेवटी ४२९ वर ८, नऊ धावा कमी, मॅच ड्रॉ. धाडस म्हणायचं तर मी ह्याला म्हणेन, कारण इथे सुरक्षित दार उघडं होतं आणि तरी टीम तिकडे गेली नाही. (शेवटी शेवटी गेली, पण ते असो.) आणि बघा, तिथेही कमी पडलेल्या धावांचा वाद आपण अजून घालतो, कपिलला वर का पाठवलं, विश्वनाथला मागे का ठेवलं. कपिल त्या दिवशी शून्यावर गेला होता. बारा वर्षांनी वानखेडेवर तोच हरियाणाचा कॅप्टन. वेंगसरकर दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे थोडक्यात हुकलेला. त्याच्या रडण्यात ओव्हलचं काही होतं का, कोण जाणे. मला उगाच वाटतं.

कुरुविलाचंही पुढे ऐका. १९९७ मध्ये तो भारताकडून दहा टेस्ट खेळला. त्यातली एक बार्बाडोसची. वेस्ट इंडीजला दुसऱ्या डावात १४० वर गुंडाळलं, त्यात कुरुविलाच्या पाच विकेट्स. भारताला १२० हव्या होत्या, फक्त १२०, आणि शेवटच्या दिवशी आपण ८१ वर ऑलआउट. सचिन कॅप्टन होता. कुरुविलाने आपलं काम केलं, बॅट्समननी नाही केलं. पण त्या ८१ ला कुणाचं नाव चिकटलं नाही. नाव चिकटायला शेवटचा एकटा माणूस लागतो. सगळ्यांनी मिळून हरलेल्या मॅचला फक्त गावाचं नाव मिळतं. 'बार्बाडोस', बास.

संध्याकाळी अंगणात चहा पिताना हे सगळं मी काकांना ऐकवलं. त्यांनी नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुझ्या ह्या सगळ्या हिशोबात हरियाणा कुठाय?"

मी गप्प.

"तू पस्तीस वर्षं त्या मॅचबद्दल बोलतोयस, आणि कायम 'आपण हरलो'. अरे, ती मॅच कुणीतरी जिंकली पण होती ना? त्या कैपीची फेक कधी सांगितलीस कुणाला?"

मुद्दा बिनतोड होता. कैपीने रणजीत सात हजारांवर धावा केल्या आणि तो भारताकडून एकही मॅच खेळला नाही. हरियाणाला रणजी तेवढी एकदाच मिळाली, १९९१ ची. तीही मुंबईला वानखेडेवर हरवून. आणि मुंबईने? एकेकाळी ओळीने पंधरा वर्षं ट्रॉफी नेलेली टीम. काकांचं म्हणणं असं, की रोज जेवणाऱ्याला एक दिवस उपास घडला तर तो गावभर सांगत फिरतो.

मग म्हणाले, "आणि तू मुंबईचा कधीपासून रे? मध्य वैतरणेचं धरण ह्या मोखाडा तालुक्यात. पाणी जातं मुंबईला, आणि इथल्या पाड्यावर मेमध्ये टँकर. वर तुम्ही मुंबई हरली म्हणून रडायचं!"

आता क्रिकेटमध्ये धरण आणणं हे थोडं फाउल आहे, पण काकांशी कोण वाद घालणार. आणि त्यात तथ्य आहेच. १९९१ मध्ये जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. मुंबईच्या टीममध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर पोचला, लोकलने रोज ये-जा करून. जव्हारला रेल्वेच नाही. त्या खाचरात खेळणारं पोरगं वानखेडेला कसं पोचणार? तरी दहा वर्षांचा मी त्या टीमसाठी रडलो. त्याची लाज वाटत नाही. पण हरियाणाच्या एखाद्या खेड्यात त्याच बुधवारी माझ्याच वयाचं कुणी नाचलं असेल, हा विचार इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही, ह्याची थोडी वाटते.

जाऊ दे. आता जे खरं सांगायचंय ते.

माझ्या दुसऱ्या नोकरीत एक रिलीज फसलं होतं. तारीख तीन महिन्यांपूर्वी ठरलेली. ती मीच क्लायंटसमोर कबूल केली होती, टीमला न विचारता. टेस्टिंगचं एन्व्हायर्न्मेंट शेवटपर्यंत धड मिळालं नाही, त्याचा पाठपुरावा करणं माझं काम होतं. त्या आधीच्या पंधरा दिवसांत पोरांनी रात्री जागून अशक्य वाटणारं अंतर जवळपास कापलं. सीएमडी लाइनवर डोळे चुरचुरेपर्यंत. शनिवारी रात्री सहा महिन्यांपूर्वीच जॉइन झालेल्या एका मुलाने शेवटचा कॉन्फिगचा बदल टाकला, त्यात एक ओळ चुकली, आणि सिस्टम सकाळपर्यंत झोपली. सोमवारी रूट कॉज ॲनालिसिस मी लिहिलं. रूट कॉज: कॉन्फिगरेशन एरर. खाली कंसात त्याचं नाव.

एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. स्कोअरबोर्डवर 'रनआउट' लिहिलेलं असतं तेही खरंच असतं. त्याचं त्या वर्षीचं ॲप्रेझल बिघडलं, आणि वर्षभरात तो सोडून गेला. माझ्या ॲप्रेझलमध्ये लिहिलं होतं की मी संकट चांगलं हाताळलं.

मोखाड्यात बक्षीस देताना काकांनी एक केलं. उपविजेत्या टीमचा कप त्यांनी कॅप्टनच्या हातात न देता त्या भट्टीवरून आलेल्या पोराला पुढे बोलावून दिला. कॅप्टनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पोराला काय करावं कळेना, तो कप घेऊन तसाच करवंदीच्या जाळीकडे गेला आणि तिथे जाऊन बसला.

परत आल्यावर त्या जुन्या कंपनीतल्या एका मित्राला फोन केला. म्हटलं, तो रिपोर्ट अजून विकीवर असेल तर जरा बघ. आहे म्हणाला. नवीन माणसांना नमुना म्हणून अजून तोच दाखवतात, फॉर्मॅट चांगला आहे म्हणे. नाव तेवढं काढ, म्हटलं. तो म्हणाला, त्या पानाचे एडिट राइट्स फक्त ओनरला आहेत, आणि ओनर म्हणून अजून तुझंच अकाउंट दिसतंय, जे बंद झालंय.