चित्राखालचे नाव

माझ्या बहिणीची मुलगी नववीत आहे. चित्रकलेची सरकारी एलिमेंटरी परीक्षा ती ‘ए’ श्रेणीत पास झाली, यंदा इंटरमिजिएटला बसणार आहे. रोजे ठेवते आणि शाळेतून आल्यावर झोप काढायची सोडून असरच्या नमाजानंतरचा तो न संपणारा तास चित्रे काढण्यात घालवते. म्हणते, “मामू, ब्रश पाण्यात बुडवला की तहान जास्त लागते, पण भूक विसरायला होते.”

गेल्या आठवड्यात तिची फाईल चाळत बसलो होतो. एस. टी. स्टँड, आठवड्याचा बाजार, नदीचा घाट, बेंदराचे बैल. बैल तर असे, की शिंगे रंगवणाऱ्याच्या हाताची घाईही दिसावी. जुन्या चित्रांखाली तिने ठसठशीत पूर्ण नाव लिहिले आहे. नव्या चित्रांखाली कोपऱ्यात नुसते ‘स. मु.’.

कारण विचारले. आधी हसली, मग सांगितले. एका स्पर्धेत पाहुणे एकेक चित्र पाहत तिच्या चित्रापाशी आले. थांबले, खालचे नाव वाचले आणि कौतुकाने म्हणाले, “अरे वा! तुमच्यात चित्र काढलेलं चालतं?” माणूस वाईट नसावा. बक्षीसही त्यांनीच दिले. “पण मामू, चित्राबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.”

गंमत म्हणजे हाच प्रश्न तिला घरातूनही येतो. नात्यातले एक बुजुर्ग तिची वही दिसली की म्हणतात, “बेटा, फूलपत्ती बनाओ, आदमी-जनावर मत बनाओ.” म्हणजे बाहेरच्याला वाटते मुसलमानाची मुलगी चित्र कशी काढते, आणि घरातल्यालाही तेच वाटते. दोघांचे एकमत व्हावे अशा गोष्टी आपल्याकडे फार नाहीत, पण या एका बाबतीत झाले आहे. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा आणि त्याच्या दरबारातली माणसांची, हत्तींची चित्रे दोघांच्याही गावी नाहीत.

मी तिला विचारले, आपल्या महाराष्ट्रातला एखादा मुसलमान चित्रकार सांग. बराच वेळ विचार करून म्हणाली, “ते अनवाणी फिरायचे ते.” हुसेन. ते पंढरपूरचे, 1915 सालचा त्यांचा जन्म, मुंबईत सिनेमाची पोस्टर्स रंगवून त्यांनी पोट भरले, हे तिला माहीत नव्हते. आणि आबालाल रहिमान हे नाव तिने ऐकलेच नव्हते. कोल्हापूर आमच्या गावापासून दीड तासावर आहे!

त्यात तिचा दोष नाही. आबालाल कोल्हापूरचे. घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहायच्या, सजवायच्या, असे काम चालत आलेले, असे त्यांच्याविषयी सांगतात. ज्या महिन्यात कुराण उतरले त्या महिन्यात मला हा तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो. अक्षराला वळण देणारा घरातला हात पुढच्या पिढीत पाण्याकडे, झाडांकडे, माणसांच्या चेहऱ्यांकडे वळला. 1880 च्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. नाव झाले होते, मुंबईत राहिले असते तर कामे मिळत गेली असती. ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि हा माणूस रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत राहिला. एकाच तळ्याचे सकाळचे पाणी वेगळे आणि दिवे लागणीचे वेगळे. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे बोलणे निघते तेव्हा पहिल्या पिढीत त्यांचे नाव घेतले जाते, आणि बाबूराव पेंटर वगैरे पुढची मंडळी त्यांना मानत आली. 1920 साली ‘सैरंध्री’ काढणारे तेच हे बाबूराव. म्हणजे आबालालना पाहून ब्रश हातात धरणारी मुले बहुतेक हिंदू घरांतली होती. आपल्यातलाच एक कलावंत समोर दिसणे नवशिक्याला किती लागते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. तिथे ‘आपल्यातला’ म्हणजे आपल्या गावचा, आपल्या तळ्याचा. माझ्या भाचीला मात्र तो गावचाही आहे आणि घरासारख्या घरातलाही. तिला त्याची दुप्पट गरज होती, आणि तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

शाहू महाराज 1922 साली गेले. त्यानंतर आबालालनी आपली पुष्कळशी चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी आठवण कोल्हापुरात सांगतात. 1931 साली ते वारले.

कलेला जात-धर्म नसतो, असे यावर कुणीतरी म्हणेलच. मीही भाषणात म्हणतो. पण मग 1944 साली ‘ज्वार भाटा’ आला तेव्हा युसूफ खान ‘दिलीपकुमार’ का झाले? मुमताज जहान ‘मधुबाला’ का झाल्या, महजबीन ‘मीनाकुमारी’ का? त्या काळी नाव बदलण्याची रीतच होती, कारणेही अनेक असतील. तरी लाखो लोक ज्यांच्यावर जीव टाकत होते, त्यांच्यात आपले कुणी आहे हे गल्लीतल्या पोराला कानोकानीच कळत असे. आमच्या लहानपणी थोरली माणसे आवाज खाली करून सांगायची, “वो भी अपनाच है.” चोरीचा माल असल्यासारखे!

त्याच सुमारास बार्शीकडचा एक मनुष्य उलट्या दिशेने चालला होता. त्याचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. पटेल आडनावावरून कुणाला काही कळलेही नसते. पण लोकांपुढे तो आला ‘शेख’ लावून, शाहीर अमर शेख म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ वाजला की मैदाने भरत. मराठी राज्य मागणारा पहाडी आवाज एका शेखाचा आहे, याचे तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. आज माझ्या भाचीच्या अस्खलित मराठीचे वाटते. “तू मराठी किती छान बोलतेस!” हे वाक्य तिने किती वेळा ऐकले असेल, मोजदाद नाही. तिने दुसरे काय बोलायचे होते?

लेखनात वाट थोडी रुळलेली आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला त्याला काही शतके लोटली. अलीकडच्या काळात हमीद दलवाईंनी 1965 च्या ‘इंधन’ कादंबरीत कोकणातल्या गावातले मुसलमान आणि त्यांचे शेजारी असे लिहिले, की वाचताना अंगणातला वासही यावा. दलवाईंची सुधारणावादी मते आमच्यातल्या अनेकांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण आपल्या मोहल्ल्यातले बोलणे मराठी कादंबरीत येऊ शकते, हे कळायला मला तरी ते पुस्तक हातात यावे लागले. तोवर शाळेच्या निबंधात मी ‘माझा आवडता सण’ म्हणून बिनचूक दिवाळीच लिहीत असे. ईदवर लिहिले तर गुण कापतील, अशी भीती होती. कुणी सांगितलेले नव्हते, तरी होती.

1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. वेगळी चूल कशाला, अशी टीका झाली. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण. मला दोन्ही हवी वाटतात. सोलापुरातल्या पोराला सहेरी म्हणजे काय हे सांगत बसावे लागत नाही, थेट कविता वाचता येते. आणि पुण्याच्या व्यासपीठावरचे पठाण पाहून त्याला कळते, की मधल्या खुर्चीवरही बसता येते, आणि तेही महानुभाव आणि संतवाङ्मयावर बोलत. मुसलमानाने फक्त मुसलमानाविषयीच लिहावे, चित्र काढले तर त्यात मशीद असावी, ही अपेक्षा मला नाव लपवण्याइतकीच जाचक वाटते.

आता हेच पान पाहा. रमजान आला की मला फोन येतो. श्रावणात येत नाही, ऊस दराच्या आंदोलनात येत नाही, पाणीटंचाईत येत नाही, जरी नळ आमच्याकडेही तितकाच कोरडा असतो. संपादकांना मी हे फोनवर बोललो. ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, तेच लिहा. लिहिले. यंदा शिरखुर्म्याच्या पाककृतीची जागा तेवढी गेली.

रविवारी भाचीला घेऊन कोल्हापूरला गेलो. तिथे टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालालची चित्रे आहेत. आमच्या भागातल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना तिथे न्यावे, एस. टी.ने सहज जमते. ती एका चित्रापुढे इतका वेळ उभी राहिली, की मी बाकावर जाऊन बसलो. खालची पट्टी तिने वाचली, मग पुन्हा चित्राकडे पाहू लागली, अगदी नाक काचेला लागेपर्यंत.

परतताना गाडीतच मगरीब झाली. डब्यातल्या खजुरांनी रोजा सोडला. स्वाक्षरीचे मी काही विचारले नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिनेच तोंड उघडले.

“मामू, ती बुडवलेली चित्रं. त्यांत रंकाळ्याचीपण असतील का?”